उत्सर्जन सूचीच्या फाइली कशा वाचाव्यात आणि मॉडेलपर्यंत कशा न्याव्यात: नवोदितांसाठी मार्गदर्शक

हवेच्या गुणवत्तेचे मॉडेल चालवण्यासाठी हवामानाची माहिती, प्रदेशाच्या सीमेवरील प्रदूषकांचे प्रमाण आणि त्या प्रदेशातील उत्सर्जन अशा तीन गोष्टी लागतात. पहिल्या दोन बहुधा दुसऱ्या मॉडेलांतून जवळजवळ तयार स्वरूपात मिळतात. उत्सर्जनाचे तसे नसते. वीजकेंद्राच्या धुराड्यातून वर्षाला किती सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, एखाद्या जिल्ह्यातील रस्त्यांवरून किती नायट्रोजन ऑक्साइड उठतात, घरगुती चुलींतून किती सूक्ष्म कण येतात, हे आकडे निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या कामांसाठी जमवलेले असतात; अशा आकड्यांच्या संग्रहाला उत्सर्जन सूची म्हणतात. त्यांची एकके, संकेतांक आणि कालावधी वेगवेगळे असतात आणि ते ज्यांनी लिहिले त्यांच्यासमोर मॉडेल होतेच असे नाही.

या लेखात मी एक गोष्ट आग्रहाने मांडणार आहे. उत्सर्जनाच्या फाइलीतील चूक मॉडेल सहसा पकडत नाही. चुकीच्या एककातला आकडाही ते बरोबर आकड्याइतक्याच निमूटपणे वाचते आणि शेवटी दिसायला अगदी पटण्याजोगा नकाशा काढून देते. म्हणून फाइलीचे स्वरूप बदलणाऱ्या प्रत्येक पायरीनंतर एकूण वस्तुमानाचा ताळा करणे हाच या कामाचा कणा आहे. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्या ताळ्याभोवती बांधलेल्या आहेत; जिथे तो पुरत नाही, तिथे वेगळी तपासणी सांगितली आहे.

उदाहरणासाठी मी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, राष्ट्रीय उत्सर्जन सूची, ती वाचणारे ‘स्मोक’ हे सॉफ्टवेअर आणि त्यापुढचे ‘सीमॅक’ हे मॉडेल घेतले आहे. पुण्यात किंवा नागपुरात बसून शिकणाऱ्यालाही मी हीच वाट सुचवतो, कारण ही सगळी सामग्री मोफत मिळते, तिची माहितीपुस्तिका खुली आहे आणि मुख्य म्हणजे स्थळ, काळ आणि रसायन या तिन्ही रूपांतरांची कामे तिच्यात वेगवेगळी करून दाखवलेली आहेत. भारतातील आकडे घेऊन काम करताना काय बदलते, ते जागोजागी सांगितले आहे.

पहिली पायरी: हातात कोणत्या जातीची फाइल आहे ते ठरवणे

उत्सर्जनाच्या फाइली ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. पहिली जात म्हणजे स्रोतांची यादी. ती साध्या मजकुराच्या स्वरूपात असते आणि प्रत्येक ओळीत एक स्रोत, एक प्रदूषक आणि त्याचे बहुधा वार्षिक उत्सर्जन असते. दुसरी जात ग्रिडवर, म्हणजे प्रदेशावर आखलेल्या चौकोनांच्या जाळीवर, पसरलेल्या सूचीची. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची ‘एडगर’ ही जागतिक सूची या जातीची आहे, तिच्यात ०.१ अंश बाय ०.१ अंशाच्या प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा असतो. तिसरी जात मॉडेलला थेट देता येईल अशा फाइलींची. तिथे उत्सर्जन तासातासाला, मॉडेलच्याच ग्रिडवर आणि मॉडेलच्याच रासायनिक प्रजातींच्या नावांनी मांडलेले असते.

ही जात ओळखण्याआधी कोणतेही रूपांतर सुरू करू नये. ग्रिडवर पसरलेली सूची पुन्हा जिल्हावार वाटपाच्या चक्रातून काढण्याचा खटाटोप निष्कारण असतो, आणि स्रोतांची यादी थेट मॉडेलला देता येत नाही.

दुसरी पायरी: एफएफ१० ही मजकूर फाइल उघडणे

ईपीएची राष्ट्रीय सूची दर तीन वर्षांनी तयार होते; २०११, २०१४, २०१७ आणि २०२० ही तिची अलीकडची वर्षे आहेत. मॉडेलसाठी ती ‘एफएफ१०’ या स्वरूपात दिली जाते. तिच्या आधी ‘आयडीए’ आणि नंतर ‘ओआरएल’ ही स्वरूपे चालत असत. ओआरएलमध्ये एका ओळीत एकच नोंद ठेवण्याची पद्धत रुळली आणि एफएफ१०ने तीच पुढे नेत रकाने वाढवले. जुने शोधनिबंध वाचताना ही नावे भेटतील, पण आज नव्याने शिकणाऱ्याने एफएफ१०पासूनच सुरुवात करावी.

फाइलीच्या सुरुवातीला हॅश चिन्हाने आरंभ होणाऱ्या ओळी असतात. त्यांत स्वरूपाचे नाव, देश आणि वर्ष लिहिलेले असते. या ओळी टिपणासारख्या दिसतात म्हणून कोणी त्या गाळून टाकतो, पण पुढची फाइल कशी वाचायची हे सॉफ्टवेअर त्यांवरूनच ठरवत असल्यामुळे त्या जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. स्थिर स्रोत (म्हणजे धुराडी), विखुरलेले स्रोत (घरगुती चुलींसारखे, जिल्हावार मोजलेले), रस्त्यावरील वाहने, रस्त्याबाहेरची यंत्रे असे एफएफ१०चे उपप्रकार आहेत. विखुरलेल्या स्रोतांच्या फाइलीत ४५ रकाने असतात, तर धुराड्यांच्या फाइलीत ७७.

विखुरलेल्या स्रोतांच्या ओळीत देशाचा संकेतांक, जिल्ह्याचा संकेतांक, स्रोताचा वर्गीकरण संकेतांक, प्रदूषकाचे नाव आणि वार्षिक उत्सर्जन हे पाच रकाने आधी शोधावेत. बारा महिन्यांचे बारा रकाने पुढे येतात. बाकीचे कितीतरी रकाने बहुतेक वेळा रिकामे असतात. ते रिकामे आहेत म्हणून स्वल्पविराम काढून टाकले, तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या रकान्यात सरकतो.

ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन करू नये, हे मी नवशिक्यांना सर्वांत आधी सांगतो. अमेरिकेतील जिल्ह्यांचा ‘फिप्स’ संकेतांक पाच अंकी असतो आणि त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात. अलाबामातील ऑटॉगा जिल्ह्याचा संकेतांक ०१००१ आहे. स्प्रेडशीट त्याला संख्या समजते आणि १००१ करून टाकते. अलाबामा, अलास्का, ॲरिझोना, आर्कान्सा, कॅलिफोर्निया, कोलोराडो आणि कनेक्टिकट या सात राज्यांचे संकेतांक शून्याने सुरू होतात. आपण स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये संकेतांक मजकूर म्हणून दुसऱ्या फाइलीशी जुळवत असाल, तर ही सात राज्ये गळून पडतात आणि त्यांत कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य असते. वर्गीकरण संकेतांकाचेही तसेच. तो विखुरलेल्या स्रोतांसाठी दहा अंकी आणि धुराड्यांसाठी आठ अंकी असतो, आणि दहा अंकी संख्या स्प्रेडशीट घातांकाच्या रूपात दाखवू शकते. पायथन किंवा आर वापरून फाइल वाचताना हे दोन्ही रकाने मजकूर आहेत असे स्पष्ट सांगावे.

संकेतांक कालांतराने बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. साउथ डकोटातील शॅनन जिल्ह्याचे नाव २०१५ मध्ये ओग्लाला लाकोटा झाले आणि त्याचा संकेतांक ४६११३ वरून ४६१०२ झाला. जुनी सूची आणि नवा नकाशा एकत्र वापरले, तर त्या जिल्ह्याचे उत्सर्जन कुठेच बसत नाही. भारतात जिल्ह्यांची विभागणी वारंवार होते, त्यामुळे ही अडचण इथे अधिक जाणवते: २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, आणि त्याआधीच्या आकडेवारीतले ठाणे म्हणजे आजचे दोन जिल्हे आहेत.

मजकूर फाइलीतले आणखी काही बारकावे इथेच सांगतो. विंडोजवर जतन केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते, आणि लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर त्यावर अडखळू शकते. फाइल हलवल्यानंतर ‘डॉस-टू-युनिक्स’ आज्ञा चालवून ते काढावे. कारखान्याच्या नावात स्वल्पविराम असेल तर नाव अवतरणचिन्हांत असले पाहिजे. भारतीय अहवालांतून आकडे उचलताना लाख-कोटींचे स्वल्पविराम आधी काढावेत, नाहीतर १,२५,००० हा एकच आकडा तीन रकान्यांत विखुरतो. कारखान्यांची नावे देवनागरीत लिहिलेली असतील तर ती रोमन लिपीत आणून मगच फाइल तयार करावी.

तिसरी पायरी: एककांचा पक्का हिशेब

एफएफ१०मधील वार्षिक आकडा अमेरिकी ‘शॉर्ट टन’ या एककात असतो. एक शॉर्ट टन म्हणजे ९०७.१८ किलो. आपण वापरतो तो मेट्रिक टन १,००० किलोंचा. या दोहोंची गल्लत झाली, तर सगळे उत्सर्जन सुमारे १० टक्क्यांनी चुकते, आणि १० टक्क्यांची चूक नकाशा पाहून कोणालाही दिसत नाही.

एक हिशेब हाताने करून पाहावा. एका धुराड्यातून वर्षाला १,००० शॉर्ट टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरू. वर्षात ३,१५,३६,००० सेकंद असतात. त्यामुळे सरासरी उत्सर्जन सेकंदाला २८.७७ ग्रॅम होते. सल्फर डायऑक्साइडचे रेणुवस्तुमान ६४ असल्यामुळे ते सेकंदाला सुमारे ०.४५ मोल भरते. हेच १,००० मेट्रिक टन असते, तर सेकंदाला ३१.७१ ग्रॅम आले असते. लीप वर्षात एक दिवस वाढतो, म्हणून भाजकही बदलतो. मॉडेलसाठी तयार झालेल्या फाइलीत हे धुराडे शोधून त्याचा आकडा या हिशेबाशी जुळतो का, हे पाहण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात करावा. त्यामुळे सॉफ्टवेअर आत काय करते याची खरी समज येते.

नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत आणखी काळजी लागते. ईपीएची सूची आणि एडगर या दोन्हींमध्ये ते नायट्रोजन डायऑक्साइडच्या वस्तुमानात मांडलेले असतात, म्हणजे मोल काढताना ४६ ने भागायचे असते, जरी धुराड्यातून प्रत्यक्षात निघणाऱ्या वायूचा मोठा भाग नायट्रिक ऑक्साइड असला तरी. ३० ने भागले तर उत्सर्जन दीडपटीहून अधिक होते. काही सूचींमध्ये मात्र वस्तुमान नायट्रिक ऑक्साइडचे असते, म्हणून सूचीसोबतची टीप वाचल्याशिवाय भाजक ठरवू नये.

कणांच्या बाबतीत, पीएम१० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण) या आकड्यात पीएम२.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण) अंतर्भूत असते. दोन्हींची बेरीज करायची नसते. मॉडेलला जाड कण वेगळे हवे असतात, म्हणून स्मोकमध्ये पीएम१०मधून पीएम२.५ वजा करण्याचे सूत्र देता येते. एखाद्या ओळीत पीएम२.५ हे पीएम१०पेक्षा मोठे निघाले, तर वजाबाकी ऋण येते, आणि ती ओळ मूळ सूचीतच चुकलेली आहे असे समजून तिचा माग काढावा.

महिन्यांच्या रकान्यांत त्या त्या महिन्याचे एकूण उत्सर्जन असते. बाराही रकाने भरलेले असतील तर त्यांची बेरीज वार्षिक आकड्याइतकी झाली पाहिजे. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक आहे: रिकाम्याचा अर्थ माहिती दिलेली नाही, शून्याचा अर्थ उत्सर्जन झाले नाही. फाइल स्वच्छ करण्याच्या भरात रिकाम्या जागी शून्य भरणे टाळावे.

चौथी पायरी: धुराड्यांचे रकाने

धुराड्यांच्या फाइलीत उंची, व्यास, वायूचे तापमान, प्रवाह आणि वेग यांचे रकाने असतात. ही सर्व मापे अमेरिकी पद्धतीची आहेत: उंची आणि व्यास फुटांत, तापमान फॅरनहाइटमध्ये, वेग सेकंदाला किती फूट असा. भारतातील मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांची धुराडी २७५ मीटर उंच असतात. एफएफ१०मध्ये २७५ असेच लिहिले तर सॉफ्टवेअर ती फूट समजते आणि धुराडे ८४ मीटरांवर येते. त्याच ओळीत १३० अंश सेल्सिअस तापमान १३० म्हणूनच लिहिले, तर ते ५४ अंश सेल्सिअस धरले जाते. धूर किती वर चढेल हे उंची आणि उष्णता या दोहोंवर अवलंबून असल्यामुळे, या दोन चुका एकमेकींना जोड देतात आणि वरच्या थरात जाऊन दूरवर पसरायला हवा असलेला वायू जमिनीजवळच्या थरांत ओतला जातो. एकूण वस्तुमानाचा ताळा इथे बरोबरच येतो, म्हणून धुराड्यांची मापे ताळ्यावर विसंबून तपासता येत नाहीत. ती स्वतंत्रपणे, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे मूल्य पाहून तपासावी लागतात.

रेखांशाचे चिन्ह हा दुसरा मुद्दा. अमेरिका पश्चिम गोलार्धात असल्यामुळे तेथील रेखांश ऋण लिहिले पाहिजेत. उणे चिन्ह राहून गेले तर ह्यूस्टनचे धुराडे अरुणाचल प्रदेशाच्या उत्तरेला तिबेटात जाऊन पडते आणि ग्रिडबाहेर गेल्यामुळे गळते. हे टाळण्यासाठी स्मोकमध्ये ‘वेस्ट हेमिस्फिअर’ असा एक पर्याय आहे, जो सुरू केल्यास सगळे रेखांश ऋण केले जातात. अमेरिकी उदाहरणाची स्क्रिप्ट घेऊन भारतावर काम सुरू करणाऱ्याने तो पर्याय सर्वप्रथम बंद करावा, कारण तो सुरू राहिला तर चंद्रपूरचे वीजकेंद्र पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाते.

पाचवी पायरी: स्थळ, काळ आणि रसायन यांची वाटणी

जिल्ह्याचा वार्षिक आकडा ग्रिडच्या चौकोनांत, दिवसाच्या तासांत आणि मॉडेलच्या प्रजातींत वाटायचा असतो. स्मोकमध्ये या तीन वाटण्या तीन वेगळे प्रोग्रॅम करतात आणि शेवटी चौथा प्रोग्रॅम त्यांचा गुणाकार करतो. बहुतेक स्रोत बहुतेक चौकोनांत नसतात, त्यामुळे या वाटणीच्या सारण्या जवळजवळ रिकाम्या असतात आणि विरळ सारणीच्या गणिताने त्या वेगाने गुणता येतात. सॉफ्टवेअरच्या पूर्ण नावातही या विरळ सारण्यांचा उल्लेख आहे.

तिन्ही वाटण्यांसाठी लागणाऱ्या फाइली जोडीने येतात. एका फाइलीत वाटपाचे साचे असतात, दुसरीत कोणत्या स्रोताला कोणता साचा लावायचा याची नोंद असते. नवोदिताने आधी दुसरी फाइल वाचावी. स्रोताला साचा सापडला नाही तर सॉफ्टवेअर ठरीव साचा लावते आणि नोंदवहीत (लॉग फाइलीत) इशारा लिहून पुढे जाते. असे इशारे शेकड्यांनी येतात आणि कोणी वाचत नाही, पण वीटभट्टीला शहरी वाहतुकीचा दैनंदिन साचा लागला की नाही, हे कळण्याची जागा तीच आहे.

स्थळाच्या साच्यात जिल्ह्याचा किती हिस्सा कोणत्या चौकोनात जातो ते लिहिलेले असते. पूर्णपणे ग्रिडच्या आत असलेल्या जिल्ह्याच्या हिश्श्यांची बेरीज १ आली पाहिजे. सीमेवरच्या जिल्ह्याची कमी येणे योग्यच आहे.

काळाच्या साच्याचे तीन भाग असतात: महिन्यांचा, आठवड्याच्या वारांचा आणि तासांचा. हे साचे स्थानिक वेळेत असतात, मॉडेल मात्र जागतिक वेळेत चालते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे, सकाळी नऊची वाहनांची गर्दी मॉडेलमध्ये पहाटे साडेतीनला यायला हवी. ताशी फाइलीत अर्धा तास बसत नाही, म्हणून ते उत्सर्जन लगतच्या दोन तासांत वाटावे लागते. वेळ सरकवायचीच राहिली तर सकाळची गर्दी दुपारी अडीचला येते, जेव्हा जमिनीलगतच्या हवेचा मिसळणारा थर खूप खोल झालेला असतो, आणि मॉडेल शहराची हवा प्रत्यक्षाहून स्वच्छ दाखवते. इथेही दिवसाची बेरीज बरोबरच असते. त्यामुळे एका चौकोनाचा चोवीस तासांचा आलेख काढून त्यातला उच्चबिंदू योग्य वेळी येतो का, ते डोळ्यांनी पाहावे.

अमेरिकेतील मोठ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी साच्याऐवजी तासातासाची मोजलेली फाइल वापरता येते.

रसायनाच्या साच्यात नायट्रोजन ऑक्साइडची विभागणी नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि थोड्या नायट्रस आम्लात होते, पीएम२.५ची विभागणी कार्बन, सल्फेट, नायट्रेट आणि इतर घटकांत होते. बाष्पनशील सेंद्रिय संयुगांची विभागणी मॉडेलच्या रासायनिक यंत्रणेवर अवलंबून असते. ‘सीबी६’ या यंत्रणेसाठी केलेला साचा ‘सॅपर्क’ या दुसऱ्या यंत्रणेला चालत नाही. कणांच्या हिश्श्यांची बेरीज १ येते, म्हणून ती तपासणे सोपे आहे. सेंद्रिय संयुगांचे वस्तुमान मोलमध्ये बदललेले असल्यामुळे तिथे सरळ बेरीज चालत नाही.

सहावी पायरी: नेटसीडीएफ फाइल उघडून पाहणे

यापुढची फाइल मजकुराची नसून ‘नेटसीडीएफ’ या द्विमान (बायनरी) स्वरूपाची असते. अमेरिकेतील बोल्डर येथील युनिडेटा संस्था हे स्वरूप सांभाळते. त्याचे अभिजात आणि चौथ्या आवृत्तीचे असे दोन मोठे कुळ आहेत. जुन्या सॉफ्टवेअरला चौथी आवृत्ती वाचता आली नाही, तर फाइल खराब आहे असे लगेच मानू नये.

सर्वप्रथम ‘एनसीडंप’ ही आज्ञा केवळ शीर्षभाग दाखवणारा पर्याय देऊन चालवावी. सीमॅकच्या फाइली ‘आयओएपीआय’ या नियमांनी लिहिलेल्या असतात. त्यांत चलाचे (व्हेरिएबलचे) नाव १६ अक्षरांपेक्षा मोठे नसते. ‘टीफ्लॅग’ नावाच्या चलात प्रत्येक वेळेसाठी दोन पूर्णांक असतात: पहिल्यात वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस, दुसऱ्यात तास, मिनिट आणि सेकंद. १ फेब्रुवारी २०२० म्हणजे २०२००३२. एका दिवसाच्या फाइलीत शून्य तासापासून पुढच्या दिवसाच्या शून्य तासापर्यंत २५ वेळा असतात, कारण मॉडेलला दोन तासांच्या मधली मूल्ये काढावी लागतात. दिवसाची बेरीज करताना पहिल्या २४ वेळाच घ्याव्यात.

याच शीर्षभागात ग्रिडची माहिती असते. ईपीएच्या १२ किलोमीटरच्या ‘१२यूएस१’ या ग्रिडमध्ये ४५९ स्तंभ आणि २९९ ओळी आहेत, आणि तो लॅम्बर्ट या नकाशा-प्रक्षेपावर ३३ आणि ४५ अंश या दोन प्रमाण अक्षवृत्तांनी ठरवलेला आहे. आयओएपीआयमधील आरंभबिंदू पहिल्या चौकोनाचा खालचा डावा कोपरा असतो. इतर बहुतेक नेटसीडीएफ फाइलींत अक्षांश-रेखांश चौकोनाच्या मध्याचे असतात. हा भेद सुटला तर सगळे उत्सर्जन अर्ध्या चौकोनाने सरकते, आणि किनाऱ्यावरच्या मुंबईसारख्या शहराचा काही भाग समुद्रात जातो.

आता ताळा. सीमॅकच्या फाइलीत वायू सेकंदाला किती मोल आणि कण सेकंदाला किती ग्रॅम असे असतात. नायट्रोजन ऑक्साइडच्या तिन्ही प्रजातींचे सर्व चौकोनांतले, सर्व थरांतले मोल मिळवावेत, ४६ ने आणि ३,६०० ने गुणून २४ तासांची बेरीज घ्यावी, आणि ती सूचीतून त्या दिवसासाठी निघणाऱ्या वस्तुमानाशी ताडून पाहावी. ग्रिडबाहेर गेलेला भाग वजा केल्यावर हे आकडे जुळायलाच हवेत. स्मोकचा अहवाल काढणारा प्रोग्रॅम प्रत्येक पायरीनंतरची बेरीज देतो. तो वापरण्याचा कंटाळा करू नये.

सातवी पायरी: जागतिक सूची घेऊन काम करताना

भारतात काम करणारे अनेकजण एडगरपासून सुरुवात करतात. तिच्या नेटसीडीएफ फाइलीत एकक बहुधा दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती किलो असे असते. टनांत आणायचे तर चौकोनाचे क्षेत्रफळ लागते, आणि ते अक्षांशाप्रमाणे बदलते. ०.१ अंशाचा चौकोन विषुववृत्तावर सुमारे १२४ चौरस किलोमीटरांचा, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे ११७ आणि दिल्लीच्या अक्षांशावर सुमारे १०९ चौरस किलोमीटरांचा असतो. मुंबईजवळच्या चौकोनात चौरस मीटरला सेकंदाला एक किलोचा अब्जावा भाग असा आकडा असेल, तर वर्षाचे उत्सर्जन सुमारे ३,६९० टन होते. हा एक आकडा लक्षात ठेवला तर फाइल उघडताच कोणत्या पट्टीतली मूल्ये आहेत याचा अंदाज येतो.

काही फाइलींत रेखांश ० ते ३६० असतात, काहींत उणे १८० ते अधिक १८०. भारतासाठी दोन्हींत आकडा तोच येतो, म्हणून इथल्या अभ्यासकाला ही भानगड कळतच नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ती पहिल्याच दिवशी भेटते. अक्षांशांचा क्रम उत्तरेकडून आहे की दक्षिणेकडून, हेही पाहून घ्यावे.

दोन सूची एकत्र करताना दुहेरी मोजणीचा धोका मोठा आहे. एडगरमध्ये शेतातील काडीकचरा जाळण्याचे उत्सर्जन असते, आणि उपग्रहांवरून केलेल्या आगींच्या सूचींतही ते येते. पंजाब-हरियाणातील ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या धुराचा अभ्यास करताना दोन्ही जोडल्या, तर तोच धूर दोनदा मोजला जातो. ‘जिऑस-केम’ मॉडेलच्या ‘हेम्को’ या भागात यासाठी प्रवर्ग आणि श्रेणी अशी सोय आहे: एकाच प्रवर्गात वरच्या श्रेणीची सूची खालच्या श्रेणीच्या सूचीची जागा घेते, पण प्रवर्ग वेगळे असतील तर त्यांची बेरीज होते. प्रादेशिक सूची चुकून वेगळ्या प्रवर्गात लिहिली, की दुहेरी मोजणी झालीच.

‘डब्ल्यूआरएफ-केम’ या हवामान आणि रसायन एकत्र हाताळणाऱ्या मॉडेलसाठीच्या फाइलीत वायूंचे एकक चौरस किलोमीटरला तासाला किती मोल असे असते, आणि कणांचे चौरस मीटरला सेकंदाला किती मायक्रोग्रॅम असे. एकाच फाइलीतली ही दोन एकके नवोदिताला हमखास चकवतात. तिथे बारा-बारा तासांच्या दोन फाइली रोज पुन्हा वापरण्याची एक पद्धत आहे. ती निवडली तर रविवार आणि सोमवार यांतला फरक पुसला जातो, म्हणून वारांचा अभ्यास करायचा असेल तर तारीखवार फाइली कराव्यात.

एखाद्याच कारखान्याच्या परिसराचा अभ्यास असेल, तर यातले फारसे काही लागत नाही. ‘एरमॉड’ हे स्थानिक प्रसाराचे मॉडेल साध्या मजकुरात स्रोताचे स्थान आणि पाच आकडे घेते: उत्सर्जन सेकंदाला ग्रॅममध्ये, उंची मीटरमध्ये, तापमान केल्विनमध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये आणि व्यास मीटरमध्ये. एफएफ१०च्या फूट-फॅरनहाइटवरून इथे येताना प्रत्येक आकडा बदलतो.

महाराष्ट्रातील शहरांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात मुंबईचे काम नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आणि पुण्याचे काम एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केले होते. अशा अहवालांतले आकडे छापील तक्त्यांत असतात आणि बरेचदा दिवसाला किती किलो असे मांडलेले असतात. ते फाइलीत उतरवताना तो दिवस वर्षाची सरासरी आहे की विशिष्ट ऋतूतला आहे, हे अहवालाच्या पद्धतीच्या प्रकरणात शोधावे आणि मगच ३६५ ने गुणावे.

आठवी पायरी: नोंदी आणि पहिला रन

प्रत्येक तयार फाइलीसोबत एक साधी मजकूर टीप ठेवावी. तिच्यात मूळ सूचीचे नाव आणि आवृत्ती, ती उतरवून घेतल्याची तारीख, मूळ एकक, वापरलेले गुणक, आणि प्रत्येक पायरीनंतरची प्रदूषकनिहाय बेरीज असावी. नेटसीडीएफमध्ये हीच माहिती फाइलीच्या गुणधर्मांत लिहिता येते, आणि तिथे लिहिलेली टीप फाइलीपासून वेगळी पडत नाही.

पहिला रन एकाच दिवसाचा आणि शक्य तितक्या लहान ग्रिडचा करावा. सीमॅकच्या ५.३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत उत्सर्जनाची नावे मॉडेलच्या प्रजातींशी जोडणारी एक नियंत्रण फाइल असते. फाइलीतल्या नावात एका अक्षराचा जरी फरक असला, तरी ते उत्सर्जन रसायनापर्यंत पोहोचत नाही. रन संपल्यावर नोंदवहीत या जोडणीचा अहवाल छापलेला असतो. तो आपल्या फाइलीतल्या चलांच्या यादीशेजारी ठेवून एकेका नावावर खूण करावी, आणि अमोनियापासून जाड कणांपर्यंत प्रत्येक चलाला जोडीदार मिळाल्याची खात्री झाल्यावरच महिनाभराचा रन लावावा.